इथे काही नाही

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हे सांगितलं की लोक हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. माझा नवरा चिपमधला एक भाग बनवतो आणि तो भाग कुठे मोडतो हे मी शोधते. शोधते म्हणजे हात धुऊन त्याच्या मागे लागते. एकच ऑफिस, एकच मजला, मध्ये काचेची भिंत. तिकडे बनवणारे, इकडे आम्ही मोडणारे.

त्या भागाला आम्ही कोर म्हणतो. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहिती जाते ती सलग जात नाही, तिच्या छोट्या छोट्या पुड्या बांधतात. त्यांना पॅकेट म्हणायचं. नवऱ्याच्या कोरचं काम एकच: एका बाजूने आलेली पॅकेटं भन्नाट वेगाने दुसऱ्या बाजूला पोचवायची. एकही हरवायचं नाही, एकातही फरक पडायचा नाही. हे सगळं आधी कॉम्प्युटरवर लिहितात, तिथेच तपासतात, आणि मी सही केली की चिप बनायला कारखान्यात जाते. एकदा गेली की गेली. नंतर चूक सापडली तर रडत बसायचं, आणि ज्याची सही असेल त्याने सगळ्यात जास्त रडायचं.

आमच्यात एक कडक नियम आहे. बनवणाऱ्याने मोडणाऱ्याच्या फायलींना बोट लावायचं नाही, आणि उलटही नाही. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासला तर सगळेच पहिले येतील की. हा नियम मोडला म्हणून एका हुशार माणसाला आमच्याच मजल्यावरून त्याच दिवशी कायमचं घरी जाताना मी पाहिलंय. घरी आम्ही त्यावर आणखी एक नियम चढवला होता: कोरबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, जो काढेल त्याने भांडी घासायची. बहुतेक वेळा मीच घासायचे.

सासूबाई मला फौजदार म्हणतात. "हिला देव प्रसन्न झाला ना, तरी आधी ओळखपत्र मागेल," हे त्यांचं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. माझ्या तोंडावर म्हणतात, म्हणून राग येत नाही.

नवरा अगदी उलट. शांत, नीटनेटका, इतका की कधी कधी अंगावर येतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर त्याच्या हाताची चिठ्ठी. डबा रिकामा झाला की धुऊन, पुसून, त्यावर चिठ्ठी: 'रिकामा'. 

"अरे, रिकाम्या डब्यावर कोण चिठ्ठी लावतं?" मी विचारलं होतं.

"म्हणजे कोणाला उगाच उघडून बघावं लागत नाही."

मी तरीही उघडून बघायचे. दर वेळी. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "अगं, लिहिलंय ना त्याने!"

"लिहिलंय हो आई. पण लिहिणं वेगळं आणि असणं वेगळं."

कोडमध्येही त्याची हीच खोड. प्रोग्रॅममध्ये 'असं झालं तर हे कर, नाहीतर ते कर' अशी वाक्यं असतात. 'नाहीतर'मध्ये काही करायचंच नसेल तर बाकीचे लोक तो भाग लिहीतच नाहीत. हा लिहितो. आणि त्या मोकळ्या जागेत एक ओळ टाकतो: 'इथे काही नाही'. सगळं ऑफिस त्यावरून त्याची चेष्टा करतं.

तर झालं असं, की माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी रजा टाकून माहेरी गेले. जाताना टेस्टचा पडदा लाल-हिरवा होता. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. रोज दोन-चार लाल निघायच्या, मी काचेवर टकटक करायचे, तो मान हलवून दुरुस्तीला लागायचा. परत आले तर सगळं हिरवं. एक लाल नाही. पडदा नुसता शेत झालेला.

साहेबांनी केक मागवला. आमच्या साहेबांना आम्ही मागून थंडोबा म्हणतो, कारण छत पडलं तरी हा माणूस आधी पेनचं टोपण चावेल आणि मग वर बघेल. "शुक्रवारी सही करून टाका," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वाट बघतंय."

मी केक बाजूला ठेवला. मी घरात नसताना घर चकाचक दिसलं, तर केर पलंगाखाली लोटलाय का हे मी वाकून बघते. इथेही वाकावंसं वाटलं.

नवऱ्याच्या मूळ कोरला हात न लावता मी त्याची एक प्रत माझ्याकडे घेतली आणि त्या प्रतीत मुद्दाम एक चूक पेरली. साधी, ठळक, आंधळ्यालाही दिसेल अशी: अधूनमधून एक पॅकेट गिळून टाक, पुढे सोडूच नको. आता माझ्या टेस्टने बोंब मारायला हवी होती. मी टेस्ट लावली, चहा घेऊन आले, पडदा बघितला.

हिरवा.

कप तसाच हातात राहिला. पॅकेटं गायब होतायत आणि माझी टेस्ट म्हणतेय, सगळं ठीक! मग चूक आणखी वाढवली. दर चारातलं एक पॅकेट गिळ. तरी हिरवा. म्हणजे इतके दिवस तो पडदा जे सांगत होता त्याला काडीची किंमत नव्हती.

आमच्या टेस्टमध्ये एक तपासनीस असतो. माणूस नव्हे, तोही प्रोग्रॅमच. तो मीच लिहिलेला, माझं लेकरू म्हणा. त्याला दोन कामं. बाहेर आलेलं प्रत्येक पॅकेट आत गेलेल्याशी ताडून बघायचं, हे पहिलं. आणि शेवटी विचारायचं, आत गेलेल्यांपैकी कोण बाहेर आलंच नाही, हे दुसरं. धोब्याकडून आलेले कपडे आपलेच आहेत का हे बघणं वेगळं, आणि दिलेले सगळे आले का हे बघणं वेगळं. दोन्ही करावं लागतं. मी ती फाइल उघडली आणि ओळ न् ओळ वाचत गेले.

पहिलं काम जागच्या जागी होतं. दुसऱ्याला कोणीतरी एका अटीत कोंडलं होतं. अट अशी, की ती कधी खरी होणारच नाही. म्हणजे तो प्रश्न कधी विचारलाच जाणार नाही. दिसायला सगळं शहाण्यासारखं, आणि तपासनीस एका डोळ्याने ठार आंधळा. बदल कोणी केला हे बघितलं तर सगळ्यांच्या सामायिक खात्यातून केलेला. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

पण खाली एक 'नाहीतर' होतं. मोकळं. आणि त्यात एक ओळ: 'इथे काही नाही'.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. काचेपलीकडे तो मान खाली घालून काम करत होता, पेन्सिल कानावर. मी फाइल बंद केली, परत उघडली. ओळ तिथेच होती. राग नंतर आला, खूप आला.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसून सही करायची, म्हणजे आंधळ्या तपासनिसाच्या भरवशावर चिप सोडायची. नाहीतर तोंड उघडायचं, म्हणजे नवऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं. तिसरीही एक वाट होती: उठून काचेपलीकडे जायचं आणि त्यालाच विचारायचं, 'काय रे हे?' ती मला दिसली नाही असं नाही. पण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारून कोण कधी खरं सांगतं? मी उठले नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्याच्याकडे नव्या नजरेने बघायला लागले. ही नजर फार वाईट. तो हसला तर वाटायचं, का हसतोय? नाही हसला तर, का नाही हसला? तो भाजी चिरत होता, एका मापाचे तुकडे. मी म्हटलं, खडा टाकून बघू या.

"मी परवा सही करणार," मी म्हटलं.

त्याची सुरी थांबली. "भांडी तुझ्याकडे," सासूबाई आतून ओरडल्या. त्यांना नियम पाठ.

"करणार?" तो म्हणाला. "सगळं बघून झालं तुझं?"

"का? काय बघायचं राहिलंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी त्याच्या ओठावर आलं होतं, मी शपथेवर सांगते. "काही नाही," तो म्हणाला आणि परत चिरायला लागला. आता तुकडे लहानमोठे पडत होते.

काही नाही! माझ्या डोक्यात सणक गेली. अरे, फाइलमध्ये पण तेच, तोंडावर पण तेच!

जेवताना तो अन्न चिवडत होता. "तब्येत बरी नाही का रे?" सासूबाईंनी विचारलं. "बरी आहे आई." मग मला म्हणाल्या, "आणि तू काय त्याच्याकडे अशी टक लावून बघतेस? पळून नाही जाणार तो." मी हसले, पण तो हसला नाही.

जेवण झाल्यावर तो फोन घेऊन गच्चीत गेला. घरातल्या घरात फोनवर बोलणारा माणूस आज गच्चीत! मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागोमाग गेले. दोरीवर चादर होती, तिच्या अलीकडे मी, पलीकडे तो. चोरून ऐकणं वाईट असतं हे मला कळतं. तरीही ऐकलं.

"नाही हो," तो दबक्या आवाजात म्हणत होता. "तिच्या अजून लक्षात नाही आलेलं... परवा म्हणतेय सही... मी काही बोललो नाही, शब्द दिलाय तुम्हाला... अजून थोडे दिवस थांबा ना. प्लीज."

चादर माझ्या मुठीत चुरगळली. म्हणजे एकटा नाही, आणखी कोणी आहे. आणि यांना हवेत 'थोडे दिवस'. कशाला? मी कपडे तसेच सोडून आत आले आणि भांडी घासायला बसले. एवढ्या जोरात घासली की सासूबाई बघायला आल्या. "अगं, कढई आहे ती, गुन्हेगार नाही."

सकाळी मी त्याच्या आधी निघाले. "एकत्र जाऊ की," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला काम आहे."

ऑफिसात गेल्या गेल्या ती अट उपटून काढली. तपासनिसाचा दुसरा डोळा उघडा केला आणि नवऱ्याच्या खऱ्या कोरवर टेस्टची पूर्ण फेरी लावली. ही फेरी चालायला अर्धा दिवस लागतो. ती संपली की दूध का दूध होणार होतं: आत खोट असेल तर लाल, आणि मग त्याने डोळा का बांधला हे आपोआप कळलं असतं. नसेल तर हिरवं. फक्त थांबायला हवं होतं. थांबायचं, बस. एवढंच.

माझ्याने थांबवलं नाही. मी थंडोबांच्या केबिनमध्ये गेले.

"माझ्या तपासनिसाला कोणीतरी आंधळा करून ठेवलाय," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पेरलेली चूक, हिरवा पडदा, ती अट.

थंडोबांनी टोपण तोंडातून काढलं. "कोणी केलं, काही अंदाज?"

इथे एक क्षण होता. 'शोधते आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कामाशी प्रामाणिक आहे, हे मला त्या क्षणी फार महत्त्वाचं वाटलं. खरं सांगू? मला रागही काढायचा होता.

"माझ्या नवऱ्याने," मी म्हटलं. "त्याची लिहिण्याची पद्धत मी ओळखते. आणि काल तो कोणाशी तरी फोनवर बोलताना मी ऐकलंय. तो एकटा नाही यात."

"नाहीच," थंडोबा म्हणाले. "फोनवर मी होतो."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"बसा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाची अट होती. चिप तपासताय ते ठीक, पण तपासणाऱ्यांना कोण तपासतं? त्यांचं म्हणणं, गुपचूप तपासनीस आंधळा करा आणि बघा, सही करणाऱ्याच्या लक्षात येतं का. तुम्ही सही करून मोकळ्या झाला असतात, तर मला सहीचं काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागलं असतं. तुम्ही हिरव्यावरही विश्वास ठेवला नाहीत. पास झालात. अभिनंदन." आणि त्यांनी खरंच हात पुढे केला.

माझा हात पुढे होईना. "पण त्यालाच का?"

"त्याने दोनदा नकार दिला. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाला सांगतो. तेव्हा तयार झाला. पण एका अटीवर." थंडोबा पहिल्यांदाच जरा अवघडले. "म्हणाला, करीन, पण माझ्या पद्धतीने लिहीन. खाणाखुणा पुसणार नाही. मी म्हटलं, मग ती ओळखेल. तर म्हणाला, ओळखू दे की. ओळखलं तर आधी माझ्याकडे येईल, दोन शिव्या घालेल, आणि मग आम्ही दोघं मिळून तुमच्याकडे येऊ."

केबिनमधून मी बाहेर कशी आले ते मला सांगता येणार नाही. काचेपलीकडे तो आला होता, बॅग खांद्यावरून उतरवत होता. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून आधी काय निघावं? राग.

"लाज नाही वाटली तुला? मी तिकडे वडिलांच्या उशाशी बसलेली आणि तू इकडे माझी फाइल..."

त्याचा चेहरा उजळला. देवाशपथ, उजळला. "सापडलं? सापडलं ना तुला? अगं, काल तू सही म्हणालीस तेव्हा माझा जीव अर्धा झाला. सांगता येईना, शब्द दिलेला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुला ओळखूही आलं नसतं, म्हणून मी केलं. ती ओळ मुद्दाम ठेवली होती. चल, आता जाऊ त्यांच्याकडे."

मी जागची हलले नाही.

"चल की," तो म्हणाला. मग त्याने माझ्या खांद्यावरून केबिनकडे बघितलं. दार उघडं होतं आणि थंडोबा दारात उभे होते. "जाऊन आलीस तू?"

"हो."

"बरं." त्याने बॅग खाली ठेवली. "नाव सांगितलंस?"

"तुला कळत नाहीये, मला वाटलं..."

"नाव सांगितलंस का?"

"सांगितलं."

त्याने मान हलवली. लाल टेस्ट दाखवल्यावर हलवायचा तशीच. "म्हणजे मी घरी गेलो असतो आज," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने खुर्ची ओढली, कानावर पेन्सिल लावली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

दुपारनंतर फेरी संपली. सगळी हिरवी. या वेळी तपासनिसाचे दोन्ही डोळे उघडे होते. एकही पॅकेट हरवलं नव्हतं, एकातही फरक नव्हता. इतका स्वच्छ कोर मी आजवर बघितला नव्हता. आणि मी काय केलं असेन? पुन्हा माझ्या प्रतीत चूक पेरून टेस्ट लावली. लाल झाली. मग कुठे विश्वास बसला. शुक्रवारी मी सही केली.

घरी काही बदललं नाही. तो भाजी चिरतो, एका मापाची. माझ्याशी बोलतो, विचारलं की उत्तर देतो, वडिलांच्या डोळ्याची चौकशी करतो. मी माफी मागितली, रडून मागितली. "अगं, तुझं कामच आहे ते," तो म्हणाला. कोरबद्दल घरात कोणी बोलत नाही. भांडी तोच घासतो, कोणी न सांगता. सासूबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतात. त्यांनी मला फौजदार म्हणणं सोडून दिलंय, आणि त्याचंच मला जास्त लागलंय.

परवा साखर आणली. भरायला डबा हवा होता म्हणून फळीवरचा एक काढला. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट. वर चिठ्ठी नव्हती. बाजूचा बघितला, त्याच्यावरही नव्हती. सगळ्या फळीवर एकही चिठ्ठी नव्हती, नुसते गोंदाचे चौकोन राहिले होते.

"अरे, यावर काही लिहिलं नाहीस?" मी आतून विचारलं. "रिकामा आहे का हा?"

"बघ ना," तो बाहेरूनच म्हणाला. "मी लिहिलं तरी तू उघडून बघतेसच."

मी झाकण काढलं. डबा रिकामा होता.